बाईंनी तपासलेलं कार्ड

किहीमला बाईंच्या घरी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक जे विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. लग्न झालंय का, घरात मासे शिजवणार का, माणसं किती येणार-जाणार, काही नाही. मी व्हिडिओचं काम करतो एवढं सांगितल्यावर त्या पडवीतल्या खुर्चीत जराशा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "कार्ड बघू."

मी खिशातून आधार कार्ड काढून दिलं.

त्यांनी ते बघितलंही नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड हवं होतं त्यांना. मी बॅगेतून काढून दिलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी कडेला धरलं, उलटं-सुलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात काही आहे का, म्हणून विचारलं. रिकामं आहे म्हटल्यावर ते त्यांनी ठेवूनच घेतलं आणि खोलीचं उद्या सांगते म्हणाल्या. मी पोयनाडला परत जाताना एसटीत विचार करत होतो की बाई चक्रम आहेत की चोर आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वहीच्या पानाची एक चिठ्ठी दिली. आखीव, सुवाच्य अक्षर. लिहिलेली क्षमता दोनशे छप्पन. प्रत्यक्षात साठच्या आत. शेरा: वापरू नये. खाली सही आणि तारीख.

मी म्हटलं, "बाई, गेल्या आठवड्यात याच्यावर मी लग्न घेतलंय."

"किती भरलं होतं?"

"पन्नासएक जीबी."

"मग वाचलास," त्या म्हणाल्या. "साठच्या पुढे गेला असतास तर या कार्डाने हूं की चूं केलं नसतं. हळद पुसून त्यावर सप्तपदी लिहिली असती, आणि घरी गेल्यावर तुला कळलं असतं."

ते कार्ड मी फुटपाथवरून, अर्ध्याहून कमी किमतीत घेतलं होतं. बाईंनी ते मला परत दिलं नाही. कात्रीने मधोमध कापलं, आणि मग खोलीची चावी दिली.

सगळे त्यांना बाईच म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणायला लागलो. अलिबागच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं टेक्निशियनचं काम केलं होतं. लग्न केलं नव्हतं. वडिलांमागे किहीमचं घर आणि नारळाची छोटी वाडी त्यांच्याकडे आली होती आणि निवृत्तीनंतर त्या तिथेच राहायला आल्या होत्या. ओहोटीच्या वेळी वाळूवर टिपत फिरणाऱ्या पक्ष्यांची फिल्म काढायची म्हणून त्यांनी बऱ्यापैकी कॅमेरा घेतला. पक्षी उडताना त्याचे पंख सावकाश हलताना दिसावेत, एवढीच त्यांची हौस. पहिल्याच दिवशी थवा उडाला आणि कॅमेरा चार सेकंदांत बंद पडला. कार्डाचा वेग पुरत नाही, असं पडद्यावर आलं. दुसऱ्या कोणी महागातलं कार्ड आणून विषय संपवला असता. बाईंनी पक्षी बाजूला ठेवले आणि कार्डांचाच अभ्यास सुरू केला. पक्ष्यांकडे त्या नंतर परत गेल्या, पण दीड वर्षाने.

त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक कार्डाला नंबर, कुठून घेतलं, कधी घेतलं, किती वेळा भरलं, काही तक्रार. कार्ड गेलं की त्या ओळीपुढे 'मृत' असं लिहायचं. अलिबाग, चोंढी, मांडव्यापर्यंतचे लग्नाचे व्हिडिओवाले, मुंबईहून बंगल्यांच्या जाहिराती काढायला येणारे, असे आम्ही पाच-सहा जण त्यांच्याकडे नवीन कार्ड तपासायला आणून देत असू. त्याचे त्या काही घेत नसत. फक्त उशीर करत. चिठ्ठीवर सही झाल्याशिवाय कार्ड हातात पडायचं नाही, मग तुमचं लग्न दारात उभं का असेना.

तपासायची त्यांची पद्धत अशी. घर आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूच्या झाडांची रांग होती. दुपारी वारा सुटला की बाई स्टँडवर कॅमेरा लावायच्या, चित्राचा सगळ्यात जड दर्जा निवडायच्या, त्या सुरूंकडे तोंड करून कॅमेरा चालू करायच्या आणि कार्ड काठोकाठ भरेपर्यंत थांबायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. सुरूच का, म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, की निळं आकाश घेतलं तर कार्डाला कामच पडत नाही. भिंत घेतली तरी तेच. पण सुरूची ती केसासारखी पानं एकदम हलायला लागली की कॅमेऱ्याला प्रत्येक पान नव्याने लिहावं लागतं. तिथं जे कार्ड दम टाकत नाही ते लग्नात टाकणार नाही.

कार्ड भरलं की सगळी फिल्म त्या बसून बघायच्या. जरा वेगाने पळवून, पण सगळी. सुरूची झाडं, पन्नास मिनिटं, सत्तर मिनिटं. मांडीवर वही, शेजारी चहा. कुठे चौकट अडकली, हिरवा ठिपका आला, तर वेळ टिपून ठेवायची.

एका रविवारी मुंबईहून आलेले एक गृहस्थ तणतणत वाडीत शिरले. सुरूंच्या खाली त्यांची मंडळी चटई टाकून बसली होती आणि कोणीतरी बाई सारखा कॅमेरा रोखून बसली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि काय काढलंय ते दाखवायला सुरुवात केली. कॅमेरा वर शेंड्यांकडे होता, त्यात माणूस एकही नव्हता. गृहस्थांना ते पाच मिनिटांत पटलं, पण बाईंनी उठू दिलं नाही. तुम्ही संशय घेतलाय तर पूर्ण बघा, म्हणाल्या. सगळी फिल्म बघून झाल्यावर ते गृहस्थ अगदी मऊ आवाजात चहाला नको म्हणून निघून गेले.

कार्डांबद्दल मला जे काही कळतं ते त्यांच्याकडूनच. कार्डावर ठसठशीत छापलेला मोठा आकडा असतो, तो कार्डातून बाहेर काढायच्या वेगाचा. आपल्याला हवा असतो तो आत लिहायचा वेग, आणि तोही एखाद्या क्षणापुरता नाही, शेवटपर्यंत टिकणारा. तो व्ही अक्षराशेजारी, कोपऱ्यात, बारीक छापलेला असतो. "मोठा आकडा दुकानदाराचा, बारीक आपला," असं त्या म्हणत. कॅमेरा मेगाबिटमध्ये बोलतो, कार्ड मेगाबाइटमध्ये, तेव्हा आधी आठने भागा. कार्ड कॅमेऱ्यातच कोरं करायचं, कॉम्प्युटरवर नाही. एकेक क्लिप पुसत बसायचं नाही. लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाला हात लावला तर बाई खरंच हातावर चापट मारत. चांगल्या चाळिशीतल्या, मिशीवाल्या एका फोटोग्राफरला मी ती खाताना पाहिलंय.

समुद्राच्या दमट हवेचा त्यांना राग होता. कार्डाच्या पितळी पट्ट्या मळकट होतात म्हणून कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात त्या दाणेदार पुड्या, औषधांच्या बाटल्यांत आणि बुटांच्या खोक्यांत मिळतात त्या. गावातल्या निम्म्या घरांतून त्यांना अशा पुड्या येत. कोणी म्हणालं की तांदळात ठेवलं तरी चालतं, तर त्या म्हणायच्या, तांदूळ पेजेसाठी असतो.

मला वाटायचं, या सगळ्यामागे काहीतरी असणार. कधीतरी काहीतरी मोलाचं गेलं असणार, आई-वडिलांचं, नाहीतर आणखी कोणाचं. एवढी खबरदारी माणूस उगाच घेत नाही. एकदा धीर करून विचारलंच. बाई नारळ सोलायच्या पहारीशी उभ्या होत्या. त्यांनी जरा विचार केला, खरंच काही आठवतंय का बघत असाव्यात.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "काही झालं नाही. होऊ नये म्हणून तर करते."

आता आत्याबद्दल सांगायला हवं.

माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण, आमच्या भातशेतीच्या गावात धवलारीण होती. आमच्या भागात लग्नात हळदीपासून बोहल्यापर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तांदळाच्या पिठाने चौक भरताना एक, देवांना आवतण देताना एक, नवरदेवाला नहाण घालताना एक. कुठेही लिहिलेलं नाही. आत्याने ते तिच्या सासूकडून घेतले होते आणि तिच्याकडून घ्यायला अजून कोणी बसलं नव्हतं. मुलींना वेळ नव्हता, आणि आत्या तर होतीच, घाई काय होती.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी काढावी लागेल म्हणून सांगितलं. गाठ कसली आहे ते काढल्यावरच नक्की कळणार होतं, आणि आवाजाची शीर अगदी त्या गाठीला चिकटून जाते, त्यामुळे आवाज राहील की बदलेल की जाईल, हेही आधी सांगता येणार नव्हतं. सोमवारी ऑपरेशन ठरलं. आत्याने मला फोन करून एवढंच विचारलं, "बाला, तुजा क्यामेरा हाय ना?"

रविवारी सकाळी ती घरच्या अंगणात चौक भरत सगळे धवले म्हणणार आणि दुपारी मुंबईला निघणार, असं ठरलं. एकदाच मिळणार म्हणून मी एका मित्राचा भारी कॅमेरा मागून आणला. चारशे मेगाबिटचा दर्जा, दोन कार्डांवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय. आवाजासाठी वेगळं यंत्र माझ्याकडे तेव्हा नव्हतं. माइक थेट कॅमेऱ्यालाच जोडायचा होता.

शनिवारी संध्याकाळी बाईंना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, आवाजच हवा आहे तर एवढं जड चित्र कशाला. मी म्हटलं, तिचे हात दिसले पाहिजेत, चौकाचं पीठ कुठल्या ओळीला कसं सुटतं ते दिसलं पाहिजे. मग त्यांनी हिशेब मांडला. चारशे भागिले आठ, पन्नास. सेकंदाला पन्नास एमबी, म्हणजे दोनशे छप्पनच्या कार्डात पंच्याऐंशी मिनिटं. आत्या किती वेळ गाणार? सव्वा तास, मी म्हटलं. बसतं, म्हणाल्या, आणि डब्यातून सात आणि आठ नंबरची कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली. दोन्ही सारखी, त्यांनी एकाच वेळी घेतलेली, वहीत दोन वर्षांची स्वच्छ नोंद.

पण मी त्याच सकाळी मुंबईला जाऊन त्याच कामासाठी नवीन कार्ड घेऊन आलो होतो. नीट दुकानातून, पावती घेऊन, बारीक आकडा वाचून. मांडव्याला बोटीतून उतरताना मला त्या कार्डाचा अभिमान वाटत होता. स्वतःच्या आत्याची फिल्म स्वतःच्या कार्डावर असावी, असंही काहीतरी मनात होतं. बाईंनी ते हातात घेतलं आणि परत दिलं. तपासलेलं नाही. वारा पडला होता, सुरू स्तब्ध उभे होते, आणि सकाळी सहाला मला निघायचं होतं.

आमचं भांडण झालं. मी म्हटलं, जगात सगळी माणसं दुकानातून कार्ड आणतात आणि वापरतात, कोणी झाडांची परवानगी घेत नाही. त्या म्हणाल्या, मग तुझी तू जाण, माझ्याकडे कशाला सांगायला आलास. मी नको ते बोललो. तुम्हाला लॅबमधून निवृत्त कोणी केलं, असं काहीतरी. त्यांनी आठ नंबर उचलून डब्यात परत ठेवलं. मग सात नंबरचं कार्ड माझ्या बाजूला सरकवून म्हणाल्या, "हे पहिल्या स्लॉटमध्ये टाक. दुसऱ्यात तुझं टाक, नाहीतर सुपारी टाक."

रविवारी सकाळी आत्या हिरव्या लुगड्यात अंगणात बसली. गळ्याची गाठ पदराने झाकली होती. तिच्याबरोबर ओळ झेलायला शेजारची म्हातारी बसली होती, कारण धवला एकटीने म्हणत नाहीत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. आत्याने सगळे म्हटले. मध्ये दोनदा पाणी प्यायली. चुलतभाऊ-बहिणींनी फोनवर तुकडे तुकडे घेतले, पण कोणाला धीर नव्हता, कोणी रडत होतं, कोणी आत-बाहेर करत होतं. मी मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावरून डोळा काढला नाही. एक तास अकरा मिनिटं. दोन्ही दिवे शेवटपर्यंत नीट चालू होते. संपल्यावर आत्याने हात झटकले, पीठ उडालं, आणि ती मला म्हणाली, "झाला. आता काय व्हायचा तो होऊं दे."

दुपारी ती गाडीत बसून गेली आणि मी किहीमला आलो.

बाई पडवीत वाटच बघत होत्या. आधी कार्ड काढ म्हणाल्या. मी कॅमेऱ्यातून सात नंबर काढलं आणि कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरने सांगितलं, हे कार्ड वाचता येत नाही, कोरं करायचं का?

मी काढून पुन्हा लावलं. तेच. बाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर लावलं, तिथे तर काही लावलंय हेच त्याला कळेना. त्या वेळी आत्या वडखळच्या आसपास कुठेतरी गाडीत असेल, तिला परत बोलावून अंगणात बसवावं का, असा वेडा विचारही येऊन गेला. मी दुसऱ्या स्लॉटमधल्या माझ्या कार्डाकडे हात नेला तर बाईंनी माझं मनगट धरलं. हात धू म्हणाल्या. हात धुतले, पुसले. कार्डाची बारीक कडी त्यांनी स्वतः खाली सरकवून बंद केली, म्हणजे चुकूनसुद्धा त्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग कार्ड लावलं.

फाइल दिसली. उघडली. अंगण, हिरवं लुगडं, आत्याचा हात पिठाच्या वाडग्यात, आणि आवाज.

बाईंनी फाइल आधी दोन ठिकाणी उतरवून घेतली. मग आम्ही दोघांनी ती सगळी बघितली, न पळवता. एक तास अकरा मिनिटं. कुठेही अडकली नाही.

बघून झाल्यावर त्यांनी वही काढली आणि सात नंबरच्या ओळीपुढे 'मृत' असं लिहिलं. मी म्हटलं, बाई, तुमचं तर तपासलेलं होतं. मला टोमणा मारायचा नव्हता, मला खरंच कळत नव्हतं.

"तपासलेलं म्हणजे त्या दिवशी बरं होतं," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट त्या दिवसाचा असतो. हे मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आले, आणि स्वतः विसरले."

मला वाटलं तिथे ते संपलं. मंगळवारी वारा सुटल्यावर बघितलं तर बाई सुरूंपुढे कॅमेरा लावून बसल्या होत्या. त्यात आठ नंबर होतं, सातचं जुळं. तेही पन्नासाव्या मिनिटाला बंद पडलं आणि परत उघडलं नाही. त्यांनी मला खोलीतून बोलावून घेतलं आणि ते दाखवलं.

"तू माझं ऐकून ही दोन घेऊन गेला असतास," त्या म्हणाल्या, "तर आज हातात काही नसतं. तू हट्ट केलास ते बरं झालं. तो दिवस तुझ्या हट्टाचा, माझ्या वहीचा नाही."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. आठ नंबर डब्यात पडून राहिलं असतं. पुढे कितीतरी जणांबरोबर मी कामं केली. स्वतःची एवढीशी चूक उकरून काढून, उन्हात बसून सिद्ध करून, समोरच्याच्या हातात ठेवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

तेवढ्यात थळहून रोज येणारी कोळीण पाटी उतरवायला आली. काय झालं म्हणून तिने विचारलं आणि बाईंनी तिलाही सगळं सांगितलं, दोन कार्डं, एकाच दुकानातली, एकाच दिवशीची. कोळणीला कार्डाचं काही कळलं नसावं, पण मुद्दा कळला. म्हणाली, "आमच्यात सख्खं भाव एका होडीत धाडत न्हाईत, बाई." बाईंनी तिच्याकडून बांगडे घेतले आणि तिचं म्हणणं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तेव्हापासून जोडीची कार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेली, असा नियम झाला. आम्ही सगळेच तो अजून पाळतो.

ऑपरेशन सोमवारी नीट पार पडलं होतं. पण आत्याने बोलायचं नव्हतं, आणि गाठीचा रिपोर्ट आठवड्याने आला. चुलतभावाने त्याचा फोटो मला पाठवला, मी तो तसाच बाईंकडे नेला. त्यांनी फोन हातात घेऊन रिपोर्ट वाचला. मोठा करून पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा खालची सही कोणाची आहे ते बघितलं. मी समोर उभा होतो आणि त्यांच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांसमोर असंच तोंड ठेवलं असणार.

"साधी गाठ आहे," त्या म्हणाल्या. मग त्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसल्या. आत्याला त्यांनी तोपर्यंत एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी आत्याचा निरोप आला की फिल्म बघायची आहे, आणि त्या कार्डवाल्या बायला घेऊन ये. बाई सहसा कुठे जात नसत. त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, वाडीतली दोन शहाळी पिशवीत घेऊन एसटीत माझ्या शेजारी बसल्या.

आत्याच्या गळ्यावर बारीक आडवी रेघ होती. आवाज होता. खालचा, खरखरीत, लांब ओळीत तुटणारा, पण होता. आम्ही तिला टीव्हीवर फिल्म लावून दिली. घरातली सगळी जमली. सुना, नाती डोळे पुसत होत्या. आत्या कोरड्या डोळ्यांनी, मान पुढे काढून बघत होती, परीक्षा घेतल्यासारखी. अर्ध्या तासाने तिने हात वर केला.

"थांबव. मी चुकले हाय."

देवांना आवतण देताना तिने गावदेवाच्या आधी नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव घेतलं होतं. त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्याही नाही. घरातले म्हणाले राहू दे, कोणाला कळतंय. आत्याला ते चालणार नव्हतं. उद्या पोरी यावरून शिकतील, मग पुढच्या सगळ्या लग्नांत देव मामाच्या मागे उभा राहील. "ता पुस नि परत घे," ती मला म्हणाली.

"पुसायचं काही नाही," बाई म्हणाल्या. त्या घरात शिरल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य असावं. "ते तसंच ठेवू. हे नवीन घेऊ. दोन्ही ठेवू."

आत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचं म्हणणं मान्य केलं.

मी अंगणात कॅमेरा लावला. आता आत्याची अडचण अशी होती की तिला एका दमात ओळ पुरी होत नव्हती. कोणीतरी पक्की झेलणारी हवी होती. शेजारची म्हातारी लेकीकडे गेलेली. सुना एकमेकींकडे बघायला लागल्या, कोणालाच शब्द येत नव्हते. बाईंना येत होते. त्यांनी ती फिल्म घरी किती वेळा तपासली होती देव जाणे. सगळे धवले त्यांनी ओळीने वहीत उतरवून काढले होते आणि वही पिशवीत होती.

"बाय, तू बस माझ्या बाजूला," आत्या म्हणाली.

बाई म्हणाल्या, मला गाता येत नाही. आत्या म्हणाली, मना तरी कुठं येतंय आता. बाई पदर खोचून चौकाशेजारी मांडी घालून बसल्या, चष्मा लावला, वही उघडली.

आत्याने पहिली ओळ टाकली. खालच्या पट्टीत, थांबत थांबत. आणि बाईंनी ती उचलली. सूर नाही, चाल नाही. स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द सुटा. समोरच्या माणसाला नीट ऐकू जावा, चूक होऊ नये, अशा आवाजात त्यांनी गावदेवाला लग्नाचं आवतण वाचून दाखवलं.

आत्या दुसरी ओळ टाकणार होती, ती तोंडातच राहिली. तिने बाईंकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. खांदे हलले, पीठ मांडीवर सांडलं, डोळ्यांत पाणी आलं. ते हसू पहिल्यासारखंच होतं, वरच्या पट्टीतलं, तीन घरं पलीकडे ऐकू जाणारं. ऑपरेशननंतर ती हसली नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं. सुना हसल्या, मग बाईही हसल्या, वही तोंडापुढे धरून.

मी कॅमेरा बंद केला नाही.

आत्याने पदराने डोळे पुसले, मांडीवरचं पीठ झाडलं, घोटभर पाणी पिऊन घसा साफ केला. बाईंनी बोट ओळीवर ठेवलं.

"चल बाय," आत्या म्हणाली, "पुढचा देव घे."